चालत्या घरातील काचेचे ग्लास

मोटारहोमच्या स्वयंपाकघरातील काचेचे ग्लास बहुधा बंद कपाटातच फुटतात. दार लागलेले असते, फळी जागच्या जागी असते; पण मुक्कामी पोहोचून दार उघडले की एखाद्या ग्लासाची कड उडालेली आणि एखाद्याच्या तळाला चीर गेलेली दिसते. घरातील मांडणीवर हेच ग्लास वर्षानुवर्षे सुखरूप राहतात, कारण मांडणी हलत नाही. मोटारहोममधील मांडणी ताशी ५०-६० किलोमीटर वेगाने धावते, खड्ड्यात उतरते, गतिरोधकावर उसळते आणि वळणावर कलते. म्हणून तिच्यावर काच ठेवण्याची रीतही वेगळी असावी लागते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीच्या सांगाड्यावर झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय बांधली की मोटारहोम तयार होते. अशी गाडी घेऊन एका मुक्कामासाठी निघणाऱ्या पुणेकरांना खडकवासल्यापासून पानशेतपर्यंतचा जलाशयाकाठचा पट्टा अगदी जवळचा. धरणाजवळची सुटीच्या दिवसाची गर्दी, गावागावांतील गतिरोधक, पुढची वळणे आणि सिंहगडाचा घाट असे काचेची परीक्षा पाहणारे सगळे प्रकार या एकाच भागात भेटतात. या प्रकरणातील उदाहरणे म्हणून याच रस्त्यावरची आहेत.

काच कशाने फुटते

काच दाबाला फार खंबीर असते आणि ताणाला फार दुबळी. ग्लासावर वजन ठेवले तर तो पुष्कळ सोसतो. पण त्याच्या पृष्ठभागावर ताण आला की तेथील एखादी बारीक चीर वाढू लागते आणि क्षणात आरपार जाते. इंग्लंडमधील अभियंता ए. ए. ग्रिफिथ याने १९२० च्या सुमारास दाखवून दिले की, काचेचे प्रत्यक्षातील बळ तिच्या रेणूंच्या बंधांवरून काढलेल्या बळापेक्षा कितीतरी कमी भरते, आणि याचे कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या या चिरांमध्ये आहे. धातूच्या पेल्याला पोचा पडतो आणि आघाताची शक्ती त्यात जिरते. काचेला पोचा पडत नाही, त्यामुळे सगळा ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो.

या चिरा पडतात घासण्याने. साध्या काचेची कठिणता मोहच्या मापाने साडेपाच ते सहा असते, तर वाळूतील गारेची सात. म्हणजे धुळीतील वाळूचा कण काचेवर ओरखडा काढू शकतो. काचेवर काच घासली तर दोन्हींची कठिणता सारखी असल्याने दोन्ही पृष्ठभाग दुखावतात. प्रवासात एकमेकांना टेकलेले ग्लास तासन्‌तास खडखडत राहिले की त्यांच्या पोटावर बारीक ओरखड्यांचा पट्टा तयार होतो. ग्लास त्या दिवशी फुटत नाही. पुढे कधीतरी गरम पाण्याने किंवा हलक्या धक्क्यानेही तो तडकतो आणि कारण मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. ओलाव्याने अशा चिरा आणखी वेगाने वाढतात, हेही काचेच्या अभ्यासकांनी सिद्ध केले आहे.

रस्त्याचे तीन प्रकारचे जोर

धावत्या गाडीतील ग्लासावर उभा, आडवा आणि पुढचा असे तीन प्रकारचे जोर येतात.

उभा जोर खड्डे आणि गतिरोधक यांचा. भारतीय रस्ते परिषदेच्या शिफारशीनुसार गतिरोधकाचा उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता येतो. गावच्या वेशीवर लोकांनी घातलेले गतिरोधक बहुधा याहून अरुंद आणि उभे असतात. त्यावरून गाडी उतरते तेव्हा तिचा मागचा भाग एकदम खाली जातो. फळी ग्लासापेक्षा वेगाने खाली गेली की ग्लास क्षणभर अधांतरी राहतो आणि वर येणारी फळी त्याला खालून आदळते. समजा, ग्लास एक सेंटिमीटर उडाला. कडक लाकडावर तो दशांश मिलिमीटरमध्ये थांबला, तर त्याला बसणारा सरासरी दणका त्याच्या वजनाच्या सुमारे शंभरपट असतो. तोच ग्लास फोमवर पाच मिलिमीटर दबत थांबला, तर दणका वजनाच्या दोन-तीनपटींवर येतो. मऊ अस्तराचे महत्त्व एवढ्या हिशेबातून स्पष्ट होते.

आडवा जोर वळणांचा. ताशी ३० किलोमीटर वेगाने २० मीटर त्रिज्येचे वळण घेताना वजनाच्या एक-तृतीयांशाहून थोडा अधिक जोर बाजूला येतो. खडकवासल्याच्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर आहे आणि सिंहगडाचा माथा सुमारे १३०० मीटरवर. एवढी उंची घाटाच्या रस्त्याने वळणे घेतच गाठावी लागते आणि प्रत्येक वळणाला ग्लास एकदा या भिंतीकडे, एकदा त्या भिंतीकडे सरकतो.

पुढचा जोर ब्रेकचा. धरणाजवळच्या चौपाटीवर कणसाच्या गाड्यांपाशी समोरचा वाहनचालक अचानक थांबला तर मागच्यालाही करकचून ब्रेक दाबावा लागतो. अशा वेळी वजनाच्या सहा-सात दशांशाइतका जोर पुढे येतो. पाच सेंटिमीटर तळाच्या आणि सहा सेंटिमीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेल्या ग्लासाला आडवे व्हायला वजनाच्या चार दशांशाहून थोडा अधिक जोर पुरतो. म्हणजे मोकळा उभा ठेवलेला उंच ग्लास करकचून ब्रेक लागताच कलंडतो. तो केवळ सरकेल असे समजू नये.

या तिन्हींशिवाय एक सततची थरथर असते. गाडीचा सांगाडा सेकंदाला एक-दोनदा सावकाश झुलतो आणि चाके दहा-पंधरा वेळा थडथडतात. ग्लास फोडण्याइतकी ही थरथर मोठी नसते, पण ओरखडे पाडण्याचे काम तीच करते.

जुन्या वाहतुकीतील तीन रीती

हलत्या साधनातून काच नेणे महाराष्ट्राला नवे नाही. १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीतून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. त्यानंतर १९१६ साली सुरू झालेल्या कऱ्हाडजवळच्या ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. या कंदिलांचा प्रवास खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवरून बैलगाडीने होत असे आणि रात्री पेटता कंदील गाडीच्या साट्याखाली टांगलेला असे. कंदिलाची काच खाली बैठकीवर टेकते, वरून स्प्रिंगचे टोपण तिला दाबून धरते आणि भोवती तारेचे कडे असते. वर-खाली हलायला तिला वावच राहत नाही. शिवाय कंदील टांगलेला असल्यामुळे गाडीचा हिसका झोका होऊन निघून जातो.

दुसरी रीत कासारांची. काचेच्या बांगड्या दोरीत ओवून, घट्ट आवळून त्यांचे जुडगे खांद्यावरून गावोगाव नेले जात. बांगडी बांगडीला टेकलेली असूनही फुटत नसे, कारण त्यांच्यामध्ये आपटण्याइतके अंतरच उरत नसे. जुडगे सैल झाले की बांगड्या किणकिणू लागत आणि ते पुन्हा आवळले जाई.

तिसरी रीत चहावाल्याची. अमृततुल्यातून दुकानादुकानांत चहा पोचवणाऱ्याच्या हातातील तारेच्या स्टँडमध्ये प्रत्येक ग्लासाला स्वतंत्र कडे असते. कडे ग्लासाला मध्यावर धरते, तळाची तार त्याला उचलून धरते आणि शेजारच्या ग्लासाशी त्याची गाठ पडत नाही.

दाबून धरणे, आवळून धरणे आणि वेगळे धरणे या तीन रीतींचे मर्म एकच आहे: काचेभोवती मोकळीक ठेवायची नाही. मोटारहोममधील ग्लासांचा कप्पा करताना हेच पाळायचे असते.

कप्पा कोठे असावा

गाडीच्या सर्व भागांना सारखे हिसके बसत नाहीत. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भाग सर्वांत शांत असतो. मागच्या चाकांच्या पलीकडे लांबलेला भाग प्रत्येक गतिरोधकावर सर्वांत जास्त उसळतो, आणि कित्येक मोटारहोममध्ये स्वयंपाकाचा ओटा नेमका तेथेच असतो. असे असेल तर ग्लास ओट्याखाली न ठेवता मधल्या बैठकीखालच्या खणात ठेवावेत.

उंचीचाही विचार करावा. गाडी कलते तेव्हा वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त अंतर सरकतो. त्यामुळे छतालगतच्या कप्प्यात हलके आणि न फुटणारे सामान ठेवावे आणि काच कमरेच्या खाली ठेवावी. वरच्या कप्प्याचा आणखी एक धोका असा, की वळणावर सरकलेला ग्लास दाराला टेकून उभा राहतो आणि मुक्कामी दार उघडताच अंगावर येतो. म्हणून प्रवासानंतर कोणतेही दार आधी बोटभर उघडून, आत हात घालून मगच पूर्ण उघडावे.

खणाची दिशाही महत्त्वाची आहे. पुढच्या बाजूला उघडणारा खण ब्रेकने बाहेर येऊ पाहतो, तर बाजूला उघडणारा वळणावर. घरच्या फर्निचरला वापरतात ते चुंबक किंवा सावकाश मिटणारे रूळ येथे पुरेसे नसतात. खणाला बटण दाबल्याशिवाय न सुटणारी कडी हवीच. चालत्या गाडीत खणातून सुटलेला ग्लास किती धोकादायक ठरतो, हे साध्या गणिताने कळते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून थांबली तर सुटा ग्लास त्याच वेगाने पुढे जातो. सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या ग्लासाचा वेग एवढाच असतो. म्हणून कडी केवळ ग्लास वाचवण्यासाठी नसते. ती प्रवाशांच्या डोक्यासाठीही असते.

कप्पा कसा करावा

सर्वांत चांगली व्यवस्था म्हणजे खणाच्या मापाचा जाड फोमचा ठोकळा आणि त्यात प्रत्येक ग्लासासाठी कापलेले भोक. भोक ग्लासाच्या व्यासापेक्षा एक-दोन मिलिमीटर लहान असावे, म्हणजे ग्लास किंचित दाबून बसतो आणि कंदिलाच्या काचेसारखा धरला जातो. भोकाची खोली ग्लासाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश असावी. तळाशी किमान एक सेंटिमीटर फोम शिल्लक राहावा. दोन भोकांमध्ये दोन सेंटिमीटर अंतर पुरते. पांढरा, दाबला की परत फुलणारा पॅकिंगचा फोम यासाठी योग्य. थर्माकोलचे दाणे सुटतात आणि एकदा दबले की ते परत फुलत नाहीत. अगदी मऊ स्पंजही उपयोगाचा नाही, कारण मोठ्या दणक्याला तो पूर्ण दबतो आणि ग्लास खालच्या लाकडाला लागतो. फोमचे तक्ते, पुठ्ठे आणि घसरू न देणारी रबरी जाळी असे सामान पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळीत शोधावे.

फोम कापणे शक्य नसेल तर बाटल्यांच्या खोक्यातील पुठ्ठ्याच्या चौकटी वापराव्यात. चौकट ग्लासापेक्षा मोठी असते, म्हणून उरलेली जागा कापडाने भरून काढावी. जुना सुती मोजा ग्लासावर चढवला तर आच्छादन आणि भरण ही दोन्ही कामे होतात. जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या चिंध्याही चालतात. भाड्याच्या गाडीत काहीच सोय नसेल तर एका घट्ट खोक्यात कापडात गुंडाळलेले ग्लास रचावेत, वर गोधडीची घडी दाबून बसवावी आणि खोके बांधून दोन बैठकींच्या मध्ये जमिनीवर ठेवावे.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. ग्लासात ग्लास घालून ठेवू नये. प्रवासाच्या थरथरीने आतला ग्लास पाचरीसारखा खाली रुतत जातो आणि बाहेरच्या ग्लासाच्या कडेवर नेमका ताण आणतो. असे अडकलेले ग्लास ओढून काढू नयेत. आतल्यात थंड पाणी ओतून बाहेरचा कोमट पाण्यात धरला की आतला आकसतो, बाहेरचा फुलतो आणि दोन्ही सुटतात. ग्लास पालथेही ठेवू नयेत, कारण कड हा ग्लासाचा सर्वांत पातळ भाग आणि पालथ्या ग्लासाचा सगळा भार तिच्यावर येतो. दांडीच्या ग्लासांना वरची वाटी आणि खालची चकती अशा दोन्ही ठिकाणी आधार द्यावा. फक्त दांडी धरली तर ती मोडते. असे ग्लास उलटे टांगण्याची पट्टी मुक्कामी ठीक आहे. गाडी सुरू करण्यापूर्वी ती रिकामी करावी.

कोणते ग्लास न्यावेत

प्रवासाला बुटके, रुंद तळाचे, जाड बुडाचे आणि सरळ भिंतीचे ग्लास चांगले. ते सहज कलंडत नाहीत आणि फोमच्या भोकात नीट बसतात. सर्व ग्लास एकाच मापाचे असले तर एकच ठोकळा सर्वांना चालतो.

कठीण केलेली काच म्हणजे टफन्ड ग्लास. ती तापवून तिचा पृष्ठभाग झटकन थंड केलेला असतो, त्यामुळे तो कायम दाबाखाली राहतो. बाहेरून येणाऱ्या ताणाला आधी हा दाब मोडून काढावा लागतो, म्हणून ती साध्या काचेपेक्षा पुष्कळ जास्त आघात सोसते. फुटली तर मात्र एका चिरेवर न थांबता तिचा चुरा होतो. बोरोसिलिकेट काचेचा गुण वेगळा आहे. उष्णतेने ती साध्या काचेच्या साधारण एक-तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून गरम-थंडाला टिकते. पण आदळआपट सोसण्यात ती कठीण केलेल्या काचेची बरोबरी करू शकत नाही. हे दोन गुण वेगळे आहेत, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

चालत्या गाडीत पाणी पिण्यासाठी काच मुळीच वापरू नये. त्यासाठी स्टीलचे पेले, फुलपात्रे किंवा झाकणाच्या बाटल्या असाव्यात. काच मुक्कामासाठी राखून ठेवावी. माणशी एक आणि वर एखादा एवढेच ग्लास पुरे. जास्त नेले की दाटी होते आणि दाटीत ग्लास ग्लासाला टेकतो.

ऊन आणि पाऊस

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते आणि जलाशयाकाठी उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आतील हवा त्याहून कितीतरी अधिक तापते. अशा गाडीतील ग्लास काढून लगेच बर्फाचे पाणी ओतले तर आतला पृष्ठभाग एकदम आकसतो, बाहेरचा तसाच राहतो आणि आतल्या बाजूला ताण येतो. त्यात प्रवासाचे ओरखडे असतील तर ग्लास तडकतो. जाड बुडाच्या ग्लासाला हा धोका जास्त, कारण जाडीच्या दोन्ही बाजूंचे तापमान सारखे व्हायला वेळ लागतो. ग्लास सावलीत थोडा वेळ ठेवून, साध्या पाण्याने विसळून मग वापरावा.

पानशेतच्या बाजूला पावसाळ्यात सगळेच सामान दमट होते. ओले ग्लास फोममध्ये खोचले तर आत ओल कोंडते, कुबट वास येतो आणि कापडाला बुरशी धरते. म्हणून ग्लास पुसून, पूर्ण कोरडे करूनच ठेवावेत. वर्तमानपत्राचा कागद ओलाव्याने लगदा होतो आणि त्याची शाई ग्लासाला लागते. गुंडाळायला सुती कापड बरे. फोमच्या भोकांत साठलेली धूळ झटकून काढावी, कारण धुळीतील वाळूच काचेला ओरखडते.

निघण्यापूर्वी आणि फुटल्यावर

बांधाबांध नीट झाली की नाही, हे कानांनी तपासता येते. खण बंद करून तो दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवावा. किणकिण ऐकू आली तर कोठेतरी मोकळीक आहे. ती कापडाने भरावी. गाडी निघाल्यावर पहिल्या गतिरोधकावर पुन्हा कान द्यावा. आवाज आला तर पुढे जाऊन पाहू असे न म्हणता, सुरक्षित जागी गाडी थांबवून तो बंद करावा. ओटा, बेसिन आणि जेवणाचे टेबल यांवर एकही ग्लास राहिलेला नाही, हे चालकाने निघण्यापूर्वी स्वतः पाहावे.

इतके करूनही ग्लास फुटला तर पायात चपला घालूनच आत जावे. मोठे तुकडे जाड कापडाने उचलावेत. बारीक कण कणकेच्या ओल्या गोळ्याने किंवा ओल्या फडक्याने टिपावेत आणि ते फडके पुन्हा वापरू नये. जमिनीलगत तिरपा धरलेला विजेरीचा झोत उरलेले कण चमकवून दाखवतो. फोममध्ये रुतलेले कण निघत नाहीत, म्हणून तो ठोकळा टाकून द्यावा. ज्याची कड उडाली आहे किंवा तळाला चीर गेली आहे असा ग्लासही वापरातून काढावा.

तुकडे पुठ्ठ्यात घट्ट गुंडाळून, चिकटपट्टी लावून, त्यावर ठळक अक्षरांत ‘काच’ असे लिहावे आणि कचरावेचकाच्या हाती वेगळे द्यावेत. खडकवासला गाव २०२१ पासून पुणे महापालिकेच्या हद्दीत आहे आणि तेथील जलाशयाचे पाणी पुणे शहर पिते. काठावर टाकलेली काच कुजत नाही आणि विरघळतही नाही. पाणी उतरले की ती गुरांच्या खुरात आणि माणसांच्या पायात शिरते. म्हणून फुटलेला ग्लास जलाशयाच्या काठी टाकू नये. तो गाडीतूनच परत न्यावा.